गडी जिंकले, गडी ओलांडली

आमच्या घरात ‘गडी’ या शब्दावरून अधूनमधून गंमत होते. मी मराठीत गडी म्हणतो तो कबड्डीचा, खो-खोचा, फार तर शेतावरचा. सौ.चं माहेर धारवाडकडचं, शिक्षण सगळं कन्नडमधून. तिला गडी म्हटलं की आधी सीमा आठवते, हद्दीचा दगड आठवतो. एकदा टीव्हीवर कबड्डी बघताना मी “काय गडी आहे!” असं ओरडलो, तर स्वयंपाकघरातून लगेच प्रश्न आला, “कुठली गडी? पुन्हा काही सुरू झालं की काय?” सीमाभागातल्या घरात ही शंका यायचीच.

हे आज आठवायचं कारण म्हणजे पुतण्याचा फोन. तो अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन कोळसा खाणींच्या डोंगराळ मुलखात गेला होता. वाटेत पॉट्सव्हिल नावाच्या गावात कॉफी प्यायला थांबला, तर शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी त्याला अर्धा तास हलू दिलं नाही. म्हणे, “आमच्या गावाचं विजेतेपद चोरलंय.” कधी? तर १९२५ साली! पुतण्या म्हणाला, “काका, शंभर वर्षं झाली, पण आजोबा काल घडल्यासारखे चिडले होते.”

मी त्या गोष्टीच्या मागे लागलो, मिळेल ते वाचून काढलं. आणि लक्षात आलं की या गोष्टीत गडी दोन्ही अर्थांनी आहे. मराठीतलाही आणि कन्नडमधलाही.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं, फेकायचा, कधी लाथेने मारायचा. अकरा विरुद्ध अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू दुसऱ्याला द्यायचा. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोचलं की सहा गुण, त्यानंतर एक जादा गुण मिळवायची संधी. लाथेने चेंडू दोन खांबांमधून पाठवला की तीन. त्या काळात डोक्याला नुसती चामड्याची टोपी, तीही सक्तीची नाही. हल्ला करायला आणि अडवायला तेच अकराजण. थोडक्यात, कबड्डीची झटापट आणि कुस्तीचं बळ एकत्र केलं तर कल्पना येईल.

आज या खेळाची व्यावसायिक संघटना, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, जगातल्या श्रीमंत क्रीडा संघटनांपैकी एक आहे. पण १९२० साली ती सुरू झाली तेव्हा तिला कुणी विचारत नव्हतं. प्रतिष्ठा होती ती कॉलेजच्या फुटबॉलची. पैसे घेऊन खेळणारा म्हणजे जरा हलकाच, अशी समजूत होती. आपल्याकडे नाटकातल्या नटांविषयी एके काळी जसं बोलत, तसंच काहीसं. संघही छोट्या-मोठ्या गावांचे. आज कुठे होता, उद्या बंद पडला, असे.

पॉट्सव्हिल हे त्यातलंच. वस्ती तेव्हा बावीस हजारांच्या आसपास. भोवती अँथ्रासाइटच्या, म्हणजे अतिशय कडक, चकाकणाऱ्या कोळशाच्या खाणी. खाणीत आयरिश, वेल्श, पोलिश, लिथुआनियन, स्लोव्हाक, इटालियन अशी नाना देशांतून आलेली माणसं. घरात एक भाषा, बाहेर दुसरी. हे आपल्याला समजावून सांगायला नको.

संघाची सुरुवात झाली ती गावातल्या आग विझवणाऱ्या मंडळींच्या टीमपासून. पुढे डॉ. जॉन स्ट्रिगेल या गावातल्या सर्जनने तो संघ हाती घेतला. संघाला ‘मरून्स’ हे नाव कसं पडलं त्याचा किस्सा असा सांगतात की, डॉक्टरांनी खेळाच्या सामानाच्या दुकानदाराला जर्सी मागवायला सांगितल्या. रंग कोणता, तर कोणताही चालेल. जर्सी आल्या त्या लालसर तपकिरी, म्हणजे मरून. झालं, संघाचं बारसं झालं.

१९२५ साली पॉट्सव्हिलला लीगमध्ये प्रवेश मिळाला. एवढ्या लहान गावाला मोठ्यांच्या पंगतीत पाट कसा मिळाला? त्यामागचं कारण गमतीचं आहे. पेनसिल्व्हेनियात जुन्या धार्मिक कायद्याने रविवारी खेळाचे सामने बंद होते. फिलाडेल्फिया शहरात तो कायदा कडक पाळत, म्हणून तिथला फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स हा संघ घरचे सामने शनिवारी खेळे. पण लांबून आगगाडीने आलेल्या पाहुण्या संघाला एकाच सामन्यासाठी येणं परवडायचं नाही. खाणींच्या मुलखात मात्र रविवारी खेळलं तरी पोलीस डोळेझाक करत. मग शनिवारी फिलाडेल्फिया, रविवारी पॉट्सव्हिल, एका भाड्यात दोन सामने! पाहुण्यांची सोय झाली आणि पॉट्सव्हिलचा पाट मांडला गेला. पुढे ज्या फ्रँकफर्डशी भांडण झालं, त्याच फ्रँकफर्डच्या शेजारामुळे हे गाव लीगमध्ये आलं होतं, हे लक्षात ठेवा.

डॉक्टरांनी संघ बांधला तो विचारपूर्वक. डिक राऊश हा खेळाडूच प्रशिक्षक. इतर संघांचे खेळाडू आठवडाभर आपापल्या गावी नोकरी करत आणि सामन्याच्या दिवशी जमत. पॉट्सव्हिलच्या खेळाडूंनी गावातच राहायचं आणि नेमाने सराव करायचा, असा दंडक होता. बरेचजण कॉलेजात नाव काढलेले. चार्ली बेरी त्यातलाच. तो बेसबॉलही वरच्या दर्जाचा खेळे आणि पुढे त्याच खेळात पंच म्हणून त्याने नाव कमावलं. १९२५ च्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याचेच होते, ७४.

पण गावाचा लाडका होता टोनी लॅटोन. त्याने कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. वडील गेले आणि कोवळ्या वयातच तो खाणीत कामाला लागला. कोळशाच्या गाड्या ढकलून ढकलून त्याच्या मांड्या अशा तयार झाल्या होत्या की, दोघा-तिघांना अंगावर घेऊन तो पुढे सरके. घराघरातून तशीच पोरं खाणीत उतरत होती. लॅटोन पळाला की त्या सगळ्यांना आपणच पळतोय असं वाटत असणार.

आणि साल कोणतं? १ सप्टेंबर १९२५ ला अँथ्रासाइटच्या खाणींत संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार घरी बसले. संप मिटला तो पुढच्या फेब्रुवारीत. म्हणजे हा अख्खा हंगाम संपाच्या दिवसांत झाला. चुली कशाबशा पेटत होत्या, दुकानदारांची उधारी वाढत होती, कडाक्याची थंडी येऊ घातली होती. अशा वेळी दर रविवारी शेजारच्या मायनर्सव्हिल गावातल्या मैदानावर माणसं लोटायची. पोटात भर नसताना लोक खेळ बघायला का जातात, हा प्रश्न सुखवस्तू माणसालाच पडतो.

खेळही तसाच झाला. बफेलोला २८-०. प्रॉव्हिडन्सकडून ०-६ ने हार, पण पुढच्या भेटीत त्यांनाच ३४-०. कँटनचा संघ आधीच्या काळात दोनदा अजिंक्य ठरलेला, त्यालाही २८-०. नोव्हेंबरात फ्रँकफर्डने फिलाडेल्फियात पॉट्सव्हिलला ०-२० असं धुतलं. दोन आठवड्यांनी फ्रँकफर्ड पाहुणे म्हणून खाणीच्या मुलखात आले आणि ०-४९ असा मार खाऊन गेले. मध्ये ग्रीन बे पॅकर्सना ३१-०. बारा सामन्यांत सात वेळा समोरच्याला एकही गुण मिळू दिला नाही.

आता पेच असा होता की, त्या वेळी लीगमध्ये अंतिम सामना हा प्रकारच नव्हता. संघ आपापले सामने आपापसात ठरवायचे आणि शेवटी जिंकल्या-हरल्याच्या टक्केवारीवर विजेता निघायचा. बरोबरीचे सामने हिशेबात धरत नसत. पूर्वेला पॉट्सव्हिल आणि पश्चिमेला शिकागो कार्डिनल्स हे दोघे सर्वांत पुढे. ६ डिसेंबरला दोघांची गाठ शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर पडली. वर्तमानपत्रांनी विजेतेपदाचा सामना म्हणूनच त्याकडे पाहिलं. पॉट्सव्हिलने तो २१-७ असा जिंकला. पॉट्सव्हिल १० विजय, २ पराभव. कार्डिनल्स ९ विजय, २ पराभव, १ बरोबरी. गावात आनंदीआनंद.

इथवर मराठीतले गडी झाले. आता कन्नडमधली गडी.

नोटर डेम या कॉलेजचा १९२४ चा संघ अमेरिकेत अजिंक्य होता. त्यातले चौघे ‘फोर हॉर्समन’ म्हणून देशभर गाजलेले. त्या माजी खेळाडूंच्या संघाशी पॉट्सव्हिलचा सामना १२ डिसेंबरला ठरला. मायनर्सव्हिलच्या लहान मैदानात असा सामना भरवून काय मिळणार? म्हणून डॉक्टरांनी तो ठेवला फिलाडेल्फियातल्या शाइब पार्कवर. तिकिटं खपतील, संपाच्या दिवसांत संघाची तिजोरी भरेल, असा हिशेब.

पण फिलाडेल्फिया ही फ्रँकफर्डची हद्द. लीगच्या नियमाप्रमाणे एका संघाच्या हद्दीत दुसऱ्याने परवानगीशिवाय सामना भरवायचा नाही. त्यातून त्याच दिवशी फ्रँकफर्डचाही घरचा सामना. त्यांनी तक्रार केली. लीगचे अध्यक्ष जो कार यांनी डॉक्टरांना बजावलं की खेळू नका, खेळलात तर निलंबन. डॉक्टरांचं म्हणणं असं की, कार आजारी असताना लीगच्या कचेरीतून आपल्याला फोनवर होकार मिळाला होता. कागद मात्र हातात नव्हता.

ते खेळले. पहिल्या अर्ध्यात नोटर डेमवाले ७-० ने पुढे. उत्तरार्धात पॉट्सव्हिलने रेषा गाठली, पण वरचा एक गुण हुकला. ७-६. अखेर सामना संपत आला असताना चार्ली बेरीने लाथ मारली आणि चेंडू खांबांमधून गेला. ९-७! कॉलेजचा खेळ खरा आणि पैशाचा खेळ खोटा, असं म्हणणाऱ्यांची तोंडं त्या दिवशी बंद झाली. लीगला जी प्रतिष्ठा हवी होती, ती या खाणवाल्यांनी मिळवून दिली. गर्दी मात्र जेमतेम आठ-दहा हजारांची. डॉक्टरांना वाटलं होतं तेवढा पैसा काही झाला नाही.

आणि लीगने काय दिलं? ५०० डॉलर दंड, निलंबन, लीगमधले सगळे हक्क रद्द. दुसऱ्याच दिवशी प्रॉव्हिडन्सशी ठरलेला सामनाही गेला.

इकडे शिकागोत वेगळंच नाटक. कार्डिनल्सचे मालक ख्रिस ओब्रायन यांनी ६ तारखेच्या पराभवानंतर घाईघाईने दोन सामने ठरवले. हंगाम २० डिसेंबरपर्यंत असल्याने तशी मुभा होती. मिलवॉकीचा संघ हंगाम आटोपून पांगलेला. माणसं भरेनात, तेव्हा कार्डिनल्सच्याच आर्ट फोल्झ नावाच्या खेळाडूने शिकागोतल्या एका हायस्कूलची चार पोरं मिलवॉकीच्या बाजूने उभी केली. १० डिसेंबरचा निकाल, कार्डिनल्स ५९, मिलवॉकी ०. दोन दिवसांनी हॅमंडला १३-० ने हरवलं. प्रकरण बाहेर आल्यावर कार यांनी इथेही दंड ठोठावले. ओब्रायनना १००० डॉलर, मिलवॉकीच्या मालकाला ५०० डॉलर आणि संघ विकायचा हुकूम, फोल्झवर बंदी. ती बंदी पुढे उठली. पोरांचं मात्र हौशी खेळाडू म्हणून असलेलं स्थान धोक्यात आलं.

मी शिक्षक माणूस, त्यामुळे खडू घेऊन हिशेब मांडून बघितला. पॉट्सव्हिल १० विजय २ पराभव, म्हणजे शेकडा ८३.३. कार्डिनल्स ६ डिसेंबरला ८१.८ वर होते. नंतरचे दोन्ही सामने धरले तर ८४.६. मिलवॉकीचा लाजिरवाणा सामना वगळला तर ८३.३, म्हणजे पॉट्सव्हिलच्या बरोबर! तो सामना नोंदीतून काढायचा असं अध्यक्षांनी म्हटलं होतं, पण तो काढलाच गेला नाही. आणि पॉट्सव्हिलला प्रॉव्हिडन्सशी खेळू दिलं असतं आणि ते जिंकले असते तर त्यांचेही ८४.६ झाले असते. सौ. शेजारी बसून भाजी निवडत होती. ती म्हणाली, “एवढ्या आकड्यांपेक्षा समोरासमोर कोण जिंकलं ते बघा की.” साधी गोष्ट. पण नियमावलीत ती नव्हती.

मी मुद्दाम दुसऱ्या बाजूनेही विचार करून पाहिला. पॉट्सव्हिलची चूक नव्हती असं मला म्हणवत नाही. हद्दीचा नियम होता. तो नसता तर मोठ्या शहरांतल्या संघांनी लहानांची मैदानं केव्हाच गिळली असती. डॉक्टरांना तो माहीत होता आणि अध्यक्षांनी आगाऊ बजावलंही होतं. पण शिक्षा झाली ती अशी की चूक मैदानाबाहेरची आणि पुसलं गेलं ते मैदानावरचं. आणि दुसरीकडे शाळकरी पोरांविरुद्ध मिळवलेले ५९ गुण मात्र नोंदवहीत तसेच राहिले. नियम कडक असला तरी माणूस सोसतो. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा लागला, की तो शंभर वर्षं विसरत नाही. पुतण्याला भेटलेले आजोबा याच गोष्टीवर चिडले असावेत.

या सगळ्यात मला एक माणूस फार आवडला, तो म्हणजे ख्रिस ओब्रायन. फेब्रुवारी १९२६ मध्ये संघमालकांची बैठक झाली तेव्हा विजेतेपद त्यांना देऊ केलं गेलं. त्यांनी ते घेतलं नाही. ज्यांनी आपल्याला आपल्याच मैदानावर हरवलं, त्यांच्या वरचा मान घ्यायला ते तयार नव्हते. स्वतःचीही चूक झाली होती, हे त्यांना ठाऊक असणार. त्या वर्षीचं विजेतेपद त्या बैठकीत रीतसर कुणालाच दिलं गेलं नाही. १९३३ पासून कार्डिनल्सची मालकी बिडविल घराण्याकडे आली आणि त्यांनी त्या पदावर हक्क सांगितला. आज अधिकृत नोंदीत १९२५ चे विजेते म्हणून कार्डिनल्सचंच नाव आहे. ज्याला दिलं त्याने नाकारलं, आणि जे तेव्हा नव्हतेच त्यांनी घेतलं. वाटणीच्या खटल्यांत असं आपण पाहिलेलं असतं.

पॉट्सव्हिलला १९२६ मध्ये लीगने परत घेतलं. त्या सुमारास दुसरी एक प्रतिस्पर्धी लीग उभी राहत होती, तिकडे हा संघ जाऊ नये ही काळजी होती. त्या वर्षी ते पुन्हा चांगले खेळले. पण १९२७ पासून उतरण लागली, १९२८ मध्ये दहापैकी दोनच सामने जिंकले, आणि १९२९ मध्ये संघ बोस्टनला गेला. तिथेही एक हंगाम खेळून बंद पडला. खाणींचंही तेच झालं. त्या लांबलेल्या संपात पुष्कळ गिऱ्हाइकं तेल आणि दुसऱ्या इंधनांकडे वळली, ती सगळी काही परतली नाहीत. पॉट्सव्हिलची वस्ती २०२० च्या गणतीत साडेतेरा हजारांच्या आत होती. त्या काळातल्या लहान गावांच्या संघांपैकी लीगमध्ये टिकला तो एकटा ग्रीन बे.

गावाने मात्र अर्ज करणं सोडलं नाही. १९६३ मध्ये लीगने प्रकरण पुन्हा पाहिलं, मतं पडली १२ विरुद्ध २, गावाच्या विरोधात. २००३ मध्ये राज्याचे गव्हर्नर आणि गावाचे महापौर मालकांच्या बैठकीत जाऊन बाजू मांडून आले. मतं पडली ३० विरुद्ध २. बाजूने कोण? फिलाडेल्फियाचा ईगल्स आणि पिट्सबर्गचा स्टीलर्स. ज्या शहराच्या हद्दीवरून हे रामायण घडलं, त्या शहराचा आजचा संघ पॉट्सव्हिलच्या बाजूने उभा राहिला, हे वाचून मला बरं वाटलं.

त्या संघाच्या खेळाडूंनी एक गोष्ट स्वतःच करून टाकली होती. लीग कप देत नाही ना, मग त्यांनी अँथ्रासाइट कोळशाचा एक फुटबॉल कोरून घेतला, त्यावर १९२५ चे विजेते म्हणून आपल्या संघाचं नाव घातलं, आणि कँटन इथल्या फुटबॉलच्या संग्रहालयाला तो देऊन टाकला. त्यांच्या गावात ना सोनं होतं ना चांदी. जे होतं, त्याचाच त्यांनी कप केला.

पुतण्याला मी फोन केला आणि हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मग काका, परत गेलो तर त्या आजोबांना काय सांगू? कोण जिंकलं?” मी म्हटलं, “सांग, गडी तुमचेच जिंकले.” फोन स्पीकरवर होता. सौ.ने मागून कन्नडमध्ये विचारलं, आणि गडी कोणी ओलांडली तेही सांगणार ना?

तेही सांगायला हवं, हे मी कबूल केलं. आजोबा ऐकून घेतील की नाही, ते मात्र पुतण्याच कळवील.